पेनड्राइव्ह लावला, पण जुना कंप्युटर उठेना! नेमकं अडतं कुठे?

गणपतीला गावी गेलेल्या आयटीतल्या चाकरमान्याच्या वाट्याला दोन कामं हमखास येतात. एक, माटवी सजवायला हातभार लावणं. दुसरं, कुणाचा तरी बंद पडलेला कंप्युटर ‘जरा बघून’ देणं. देवबागला मामाकडे पोचलो, पिशवी खाली ठेवली आणि दुसरं काम समोर उभंच होतं.

मामाचं घर म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्याचा सगळा हिशेब २०११ मध्ये घेतलेल्या एका डेस्कटॉपवर. पावसाळ्यात पाहुणे नसतात, होड्या वर ओढलेल्या असतात, कंप्युटरवरही प्लॅस्टिकचं कव्हर पडतं. चतुर्थीच्या तोंडावर कव्हर काढून तो सुरू केला, त्यातच वीज दोनदा गेली-आली, आणि त्यानंतर पडद्यावर एकच वाक्य फिरत राहिलं: ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’. त्यापुढे काही नाही.

‘‘आता तूच बघ रे बाबा, माका काय ह्यातला कळणा नाय,’’ मामा म्हणाला. मामीची काळजी वेगळी होती. ‘‘पावण्यांचे नंबर सगळे त्यातच आसत.’’ दहा-बारा वर्षांत येऊन गेलेल्या पाहुण्यांचे फोन नंबर, जुनी बिलं, सातबाऱ्याचे स्कॅन, घरातल्या लग्नाचे फोटो. दुसरी प्रत कुठेही नाही.

मामेभावाने दोन दिवस आधीच प्रयत्न करून पाहिला होता. विंडोजची फाइल डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्ह लावला. कंप्युटरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘‘पेनड्राइव्ह खराब आहे,’’ हा त्याचा निष्कर्ष. पेनड्राइव्ह ठणठणीत होता. अशा प्रकरणात बहुतेक वेळा पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो आणि कंप्युटरही मेलेला नसतो. दोघांच्या वयात अंतर असतं, एवढंच. ते अंतर नेमकं कोणत्या पायरीवर आडवं येतंय हे कळलं, की निम्मं काम झालं.

फाइल कॉपी केली की बूटेबल पेनड्राइव्ह तयार होतो का?

नाही. विंडोज किंवा लिनक्स उतरवून घेतल्यावर जी एक मोठी फाइल हाती येते, तिला आयएसओ म्हणतात. ती अख्ख्या डिस्कचं चित्र असते. फोटो किंवा गाणं टाकतो तशी ती पेनड्राइव्हवर टाकली तर ती नुसती पडून राहते. ती उघडून, योग्य मांडणी करून पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते.

योग्य मांडणी कोणती, हे कंप्युटरच्या वयावर ठरतं. कंप्युटरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रात त्याला बायोस म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली ही पद्धत अगदी साधी आहे. डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे, शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण आहे का बघायचं, असेल तर तिथला प्रोग्रॅम चालवायचा. फोल्डर, फाइल वगैरे बायोसला काहीही कळत नाही.

नव्या यंत्रात त्याची जागा यूईएफआयने घेतली. तो पहिले ५१२ बाइट चालवत बसत नाही. फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला भाग शोधतो, त्यात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्यात ‘बूट’, आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल. ती मिळाली तरच पुढे जातो. विंडोज ८ आलं २०१२ मध्ये. त्यानंतर विंडोजसह विकल्या गेलेल्या यंत्रांत यूईएफआयच असतो. २००९-१० च्या आधीच्या घरगुती डेस्कटॉपमध्ये बहुधा बायोस. मधल्या दोन-तीन वर्षांतल्या यंत्रांत मात्र दोन्ही सापडतं, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. मामाचा कंप्युटर नेमका त्या मधल्या काळातला.

पेनड्राइव्ह तयार करताना काय चुकतं?

सुरुवात डाउनलोडपासून करा. किनारपट्टीवर नेटवर्क कधी दोन काड्या, कधी शून्य. चार-पाच जीबीची फाइल मध्येच तुटते आणि तरी ‘पूर्ण झाली’ असं दिसतं. अशा फाइलपासून केलेला पेनड्राइव्ह सुरू होतो, पण इन्स्टॉलेशन अर्ध्यावर मोडतं, आणि आपण रॅमला दोष देत बसतो. लिनक्सच्या अधिकृत संकेतस्थळांवर प्रत्येक फाइलसोबत ‘एसएचए २५६’ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. तुमच्या फाइलचा आकडा तोच आला तर फाइल पूर्ण आहे. पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या रुफस या मोफत प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारी बरोबरच्या खुणेचं बटण असतं. ते दाबलं की आकडा समोर येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि क्वचितच कुणी करतं.

दुसरी गोष्ट पेनड्राइव्हची. किमान ८ जीबीचा हवा. जत्रेत किंवा ऑनलाइन ‘सेल’मध्ये घेतलेला स्वस्तातला मोठा पेनड्राइव्ह आत प्रत्यक्षात लहानच असू शकतो. त्याची चिप खोटी क्षमता सांगते, आणि जागा संपली की पुढचं लिखाण कुठेतरी हरवतं. रुफसमध्ये पेनड्राइव्हचे खराब भाग तपासण्याचा पर्याय आहे, तो अशी नकली वस्तूही पकडतो. वेळ खातो, पण पेनड्राइव्ह अनोळखी असेल तर करून घ्यावा.

आता मुख्य भाग. रुफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ विचारतात. एमबीआर निवडलं तर खाली ‘बायोस ऑर यूईएफआय-सीएसएम’ असं येतं. जुन्या यंत्रासाठी हे. जीपीटी निवडलं तर फक्त यूईएफआयवर चालणारा पेनड्राइव्ह तयार होतो. विंडोज १० ची आयएसओ दिल्यावर रुफस बऱ्याचदा जीपीटी आपणहून सुचवतो आणि आपण ‘स्टार्ट’ दाबून मोकळे होतो. फार जुना बोर्ड असेल तर प्रगत पर्यायांत ‘जुन्या बायोससाठी दुरुस्त्या’ अशा अर्थाचा एक चौकोन आहे, तोही टिकवून पाहावा.

पेनड्राइव्ह विंडोज ७ च्या कंप्युटरवर बसून करत असाल तर रुफसची आजची आवृत्ती तिथे उघडणारच नाही. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.२२, रुफसच्याच संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांच्या यादीत ती मिळते.

काही जण प्रोग्रॅमशिवाय, हातानेच फॅट ३२ फॉरमॅट करून फाइली कॉपी करतात. यूईएफआयवर ही युक्ती चालते, पण फॅट ३२ मध्ये एका फाइलची मर्यादा ४ जीबी. विंडोजची ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही फाइल आता त्याहून मोठी असते. मग ‘फाइल टू लार्ज’ असा मेसेज येतो आणि पेनड्राइव्हवर ढीगभर जागा असूनही कॉपी अडते. त्यापेक्षा रुफसला त्याचं काम करू द्या.

आणि हो, पेनड्राइव्हवर आधीचं जे काही आहे ते सगळं जाणार. सुरू करण्याआधी घरातली बॅकअपची हार्ड डिस्क, कॅमेऱ्याचं कार्ड, सगळं काढून ठेवा. यादीत एकच नाव दिसलं की चुकीच्या डिस्कवर बोट पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

घरात दुसरा कंप्युटर नसेल तर?

फोनवर होतं. माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता, पण त्यात यूएसबी बंद केलेली. गावी नेलेला ऑफिसचा लॅपटॉप फक्त ओझं म्हणून उपयोगी पडतो. शेवटी लिनक्सचा पेनड्राइव्ह अँड्रॉइड फोनवर केला. एचड्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे, फोन ‘रूट’ करावा लागत नाही. ओटीजी जोडणीने पेनड्राइव्ह फोनला लावायचा, आयएसओ निवडायची, लिहू द्यायचं. फोनची बॅटरी भरलेली असू द्या आणि मध्येच जोडणी हलवू नका. विंडोजच्या आयएसओसाठी मात्र हे ॲप नाही. त्यासाठी कंप्युटर लागतोच.

अशा प्रकारे लिहिलेला पेनड्राइव्ह नंतर विंडोजला लावला तर ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं विचारलं जातं, किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसतो. घाबरून फॉरमॅट दाबू नका. विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्सल करा.

पेनड्राइव्ह बरोबर आहे, पण कंप्युटरला दिसत नाही. का?

पेनड्राइव्ह आधी लावा, मग बटण दाबा. सुरू झाल्यावर लावलेला पेनड्राइव्ह जुने बायोस मोजतच नाहीत. त्यानंतर बूट मेन्यूची कळ. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, गिगाबाइटच्या बोर्डला एफ १२, इंटेलच्या जुन्या बोर्डला एफ १०. एसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये एफ १२ चा मेन्यू बंद असतो. एफ २ ने आत जाऊन तो आधी चालू करावा लागतो. कळ एकदाच दाबून वाट बघू नका, टकटक करत राहा.

कळ लागतच नसेल तर दोन शक्यता. एक, कीबोर्ड. वायरलेस किंवा काही यूएसबी कीबोर्ड विंडोज सुरू होईपर्यंत जागेच होत नाहीत. माळ्यावरचा जुना गोल पिनचा कीबोर्ड अशा वेळी कामी येतो. दुसरी, विंडोज ८ आणि १० मधलं ‘फास्ट स्टार्टअप’. त्यात शटडाउन केलेला कंप्युटर खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतो, आणि उठताना घाईत कळा बघत नाही. विंडोज चालू होत असेल तर शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा. शिफ्टची कळ धरून रीस्टार्ट केलं तर पुढच्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्यायही मिळू शकतो.

मेन्यू उघडला, पण पेनड्राइव्ह यादीत नाही? जुन्या बायोसची एक खोड इथे कळून घ्या. त्याला पेनड्राइव्ह म्हणजे आणखी एक हार्ड डिस्क वाटते. बूट ऑर्डरमध्ये तो वेगळा दिसत नाही. ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ किंवा ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ या आतल्या यादीत दुसऱ्या नंबरवर बसलेला असतो. तिथे जाऊन त्याला पहिल्या नंबरवर आणायचं. काही बायोसमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी अशी नावं येतात. पेनड्राइव्हसाठी बहुधा शेवटचं चालतं. मी स्वतः कॉलेजात असताना या एका यादीपायी अख्खी रात्र घालवली आहे.

मग येतो पोर्ट. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत वायरने बोर्डला जोडलेले असतात. मागचे थेट बोर्डवर बसवलेले. खाऱ्या हवेत आधी दगा देतात ते पुढचे. मामाच्या कंप्युटरच्या पुढच्या पोर्टच्या पत्र्यावर हिरवट थर होता. मागे लावल्यावर पेनड्राइव्ह लगेच दिसला. निळे पोर्ट यूएसबी ३ चे असतात. जुन्या बोर्डवर ते वेगळ्या चिपवर चालतात आणि बूटच्या वेळी उपलब्ध नसतात. काळा पोर्ट वापरा. विंडोज ७ टाकताना ‘सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही’ असा विचित्र मेसेज येतो, त्याचंही एक मोठं कारण हेच: विंडोज ७ च्या मूळ फाइलीत यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही.

यंत्र खोलण्याची सवय असेल तर प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या आणि तिचे सोनेरी टोक खोडरबरने हलकेच पुसा. मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत चार महिने बंद राहिलेलं यंत्र ‘बीप बीप’ करत असेल तर अनेकदा एवढ्यानेच बोलू लागतं.

२००५ च्या आसपासच्या काही यंत्रांना यूएसबीवरून उठताच येत नाही. तिथे डीव्हीडी. सीडीवरून कंप्युटर सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही पद्धत १९९५ ची, त्यामुळे ती जवळपास सगळ्यांना येते. लिनक्स मिंटची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावते, विंडोज १० ची हल्लीची आयएसओ मावत नाही. दुसरा मार्ग प्लॉप बूट मॅनेजर: हा छोटासा प्रोग्रॅम सीडीवरून सुरू होतो आणि मग स्वतःच पेनड्राइव्हकडे बोट दाखवतो.

सुरू झाला, पण मध्येच थांबला तर?

इथे मेसेज नीट वाचा. फोनवर त्याचा फोटो काढून ठेवा. ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ किंवा नुसता लुकलुकणारा कर्सर म्हणजे पेनड्राइव्हची मांडणी यंत्राच्या पद्धतीशी जुळत नाही. एमबीआरने पुन्हा करून बघा. ‘एक्स ८६-६४ सीपीयू हवा, पण आय ६८६ सापडला’ असं आलं तर प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि तुम्ही ६४ बिटची आवृत्ती आणली आहे. अशा यंत्रांची वाट आता अरुंद झाली आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ३२ बिटचं इन्स्टॉलर होतं. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मधून ते काढलं.

उलटही होतं. दहाएक वर्षांपूर्वीचे छोटे, स्वस्त ॲटम प्रोसेसरचे लॅपटॉप आठवतात? त्यांतल्या बऱ्याच जणांचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय ३२ बिटचा. ६४ बिटचा पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही. दोष कुणाचाच नाही, आणि डोकं मात्र आपलं पिकतं.

लिनक्सचा लोगो येऊन पडदा काळा झाला तर बहुधा ग्राफिक्सचा प्रश्न असतो. मिंटच्या पहिल्या मेन्यूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आहे, तो निवडा. आणि २०१२ नंतरच्या यंत्राने ‘सिक्युअर बूट’चं नाव घेऊन पेनड्राइव्ह नाकारला तर सेटिंगमध्ये ते तात्पुरतं बंद करता येतं. पण लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल, तर आधी मायक्रोसॉफ्ट खात्यावरून रिकव्हरी की लिहून घ्या. नाहीतर तुमचंच यंत्र तुम्हाला आत घेणार नाही.

सगळ्यात महागात पडणारा मेसेज कोणता?

आमचं तिथेच अडलं. मामेभावाने एका मित्राच्या लॅपटॉपवर रुफस वापरून विंडोज १० चा नवा पेनड्राइव्ह केला, मागच्या पोर्टला लावला, इन्स्टॉलेशन सुरू झालं. सगळ्यांचे चेहरे उजळले. डिस्क निवडायच्या पानावर लाल फुलीसह वाक्य आलं: या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे आणि ईएफआय यंत्रणेत फक्त जीपीटी डिस्क चालते.

मामेभावाने ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. उत्तर तयार होतं: ‘‘सगळी पार्टिशनं डिलीट मार, मग नेक्स्ट कर.’’

हा उपाय खोटा नाही. पार्टिशनं उडवली की मेसेज जातो आणि विंडोज बसतं. पण त्यासोबत डिस्कवरचं सगळं जातं. पाहुण्यांचे नंबर, सातबारा, लग्न. इंटरनेटवरच्या व्हिडिओंतही हाच उपाय पहिल्या मिनिटाला सांगतात, आणि ‘क्लीन’ ही आज्ञा टाइप करायला लावतात. तुमच्या डिस्कवर काय आहे, हे ना त्या फोनवरच्या माणसाला माहीत असतं, ना व्हिडिओवाल्याला.

खरं तर तो मेसेज डिस्कबद्दल नसून तुम्ही कोणत्या दारातून आत आलात याबद्दल आहे. मामाची डिस्क २०११ मध्ये विंडोज ७ सोबत बायोस पद्धतीने, म्हणजे एमबीआरने मांडलेली. त्यावरच पुढे विंडोज १० चढवलेलं. पेनड्राइव्ह मात्र जीपीटीचा, म्हणून यंत्र यूईएफआयच्या दारातून उठलं, आणि आत जुनी मांडणी बघून अडून बसलं. उपाय: पेनड्राइव्ह एमबीआर पद्धतीने पुन्हा करायचा आणि बायोसच्या दारातून यायचं. दोन्ही पद्धती येणाऱ्या यंत्रात एकच पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून, एकदा नुसता. जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवायची असेल तर नुसता निवडायचा. उलटा मेसेज आला, म्हणजे ‘डिस्क जीपीटीची आहे’ असं सांगून विंडोज अडलं, तर ‘यूईएफआय’ लिहिलेला.

डिस्कची मांडणीच बदलायची असेल तर विंडोज १० मध्ये ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचं साधन आहे. ते फाइली न उडवता बदल करतं. पण बोर्डला यूईएफआय येत असेल तरच ते करावं, आणि डेटाची दुसरी प्रत हातात असल्याशिवाय तेही नाही.

इन्स्टॉल करण्याआधी डेटा कसा वाचवायचा?

फोनवर केलेला लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह इथे उपयोगी आला. लिनक्सची ही सोय विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही: काहीही इन्स्टॉल न करता, थेट पेनड्राइव्हवरून अख्खी सिस्टिम चालते. हार्ड डिस्कला हात लागत नाही. मिंट उघडलं, फाइलींच्या खिडकीत मामाची जुनी डिस्क डावीकडे दिसली. विंडोज अर्धवट बंद पडलेलं असेल तर लिनक्स कधी कधी ती फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. कॉपी करायला तेवढं पुरतं.

बाहेरची हार्ड डिस्क लावून आधी ‘यूजर्स’ फोल्डर उचललं. मग डेस्कटॉपवरचं, मग ‘डी’ ड्राइव्ह. मामाची जुनी पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली, म्हणून फाँटचं फोल्डरही घेतलं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाइली त्यांच्या फाँटशिवाय उघडल्या तर नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. ब्राउझरमधले पासवर्ड मात्र असे कॉपी करून हाती लागत नाहीत. ते खात्यातूनच परत मिळवावे लागतात.

कॉपी होताना मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या ॲपमध्ये डिस्कची प्रकृती पाहिली. बदललेल्या खराब सेक्टरचा आकडा शून्य नव्हता. म्हणजे त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकलं असतं तर पुढच्या चतुर्थीला मी पुन्हा त्याच खुर्चीत. तुमची डिस्क ‘कट-कट’ आवाज करत असेल तर मात्र कॉपीचाही हट्ट नको. यंत्र बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. प्रत्येक वेळी चालू केल्याने वाचणारा भाग कमी होतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दुसरी प्रत घराबाहेरही ठेवावी, असं माझं मत आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात इथली वीज कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस नव्हती, छपरं उडाली. कंप्युटर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलावर असेल तर ती एकच प्रत समजायची.

मग जुन्या कंप्युटरवर टाकायचं काय?

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर. मामाचा आय थ्री दुसऱ्या पिढीचा. अट चुकवून टाकण्याच्या युक्त्या आहेत, रुफसमध्येच तसा पर्याय येतो. पण २४ एच २ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’सारख्या काही सूचना असल्याच पाहिजेत. कोअर टू ड्युओच्या यंत्रात त्या नाहीत, त्यामुळे तिथे कोणतीही युक्ती चालत नाही.

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने दिली. टॅलीवर हिशेब असेल, किंवा एखादं काम विंडोजशिवाय होतच नसेल, तर ही मुदत घ्यावी आणि त्या काळात नव्या यंत्राची तजवीज करावी.

मामाला लागतं काय? ब्राउझर, पाहुण्यांची वही, बिल छापणं. त्यासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पुरते. २ जीबी रॅमवर कशीबशी, ४ जीबीवर बरी चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजसारखा इथेही मिळतो. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवरच शिकत आली आहेत, त्यामुळे ‘हे आपल्यासारख्यांना जमणार नाही’ हे मला फारसं पटत नाही. छपाईयंत्राबद्दल मात्र आधी खात्री करा. पेनड्राइव्हवरून मिंट चालवतानाच प्रिंटर जोडून एक पान काढून बघा. वायफायचंही तसंच. ते सुरू झालं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, आणि त्या इंटरनेटवर ड्रायव्हर उतरवा.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारातून २४० जीबीची साधी साटा एसएसडी आणली. जुनी हार्ड डिस्क पुसली नाही. वायर काढली, तिच्यावर तारीख लिहिली आणि मामीच्या कपाटात ठेवली. रिकाम्या एसएसडीवर इन्स्टॉल करताना कोणतंही बटण चुकलं तरी जाण्यासारखं त्यात काही नसतं. वीसेक मिनिटांत मिंट बसलं. मामीने वही उघडून नागपूरच्या एका पाहुण्याचा नंबर शोधला, तो सापडला, आणि तिने कंप्युटरलाही आरतीचा प्रसाद दाखवला.

संध्याकाळी पुन्हा वीज गेली. आल्यावर कंप्युटर सुरू झाला खरा, पण घड्याळात २०११ साल, आणि ब्राउझरमध्ये प्रत्येक पानावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. बोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला होता. तो संपला की वीज जाताच बायोस तारीख विसरतो आणि आपण नीट लावलेली बूट ऑर्डरही. तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. मामेभाऊ म्हणाला, ‘‘वाट लागली, परत उडालो.’’ मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पण त्यात पेन्सिल सेल होता. शेवटी मालवणला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे मामाने वीस-तीस रुपये आणि सेलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली.